तळ्यातला पहिला नंबर

ब्रशी फोर्कच्या लाल मातीच्या ट्रॅकवर मी बारा-चौदा वर्षं गाडी पळवली आणि एकही शर्यत जिंकलो नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्ही उगाच वाट बघत बसणार नाही.

नॉर्थ कॅरोलायनाच्या आमच्या डोंगरपट्ट्यात तेव्हा ज्याच्या अंगणात जुनी गाडी, तो स्वतःला रेसर समजायचा. आठवडाभर मोज्यांच्या गिरणीत मान मोडून काम करायचं आणि रविवारी चर्च सुटलं की ट्रॅक गाठायचा. गाडीच्या काचा काढलेल्या, दारं पट्ट्यानं बांधलेली, अंगावर रंगवलेला नंबर. माझा नंबर एकसष्ट होता. मागून येणाऱ्यांना तो नीट वाचता यायचा, कारण ते मला एकदाच नाही, पुन्हा पुन्हा ओलांडायचे.

गाडीचं काम माझा मेव्हणा हॉइट बघायचा. बायकोचा धाकटा भाऊ. तो कमी बोलायचा, पण बोलला की दोन दिवस दुखायचं.

"कार्बोरेटर श्वास घेत नाहीये," मी शर्यतीनंतर म्हणायचो.

हॉइट मुकाट्यानं कार्बोरेटर बदलायचा. मग मी टायरांवर घसरायचो. टायर नवे आले की माती वाईट व्हायची. आज फार ओली, आज फार कोरडी. एकदा मी उन्हाला दोष दिला.

"ऊन सगळ्यांच्याच डोळ्यांवर होतं, गार्लंड," हॉइट म्हणाला. "का तुझ्यापुरतं वेगळं मागवलं होतं?"

मग एका उन्हाळ्यात ट्रॅकचा मालक बर्ल मॅथिस यानं गर्दी वाढवायला बायकांची शर्यत ठेवली. नवऱ्याची गाडी, बायको चालवणार. माझी बायको ओनीटा वरच्या कोंबडीवाल्यांची अंडी ट्रकनं खाली गावात आणायची. वळणावळणाचा घाट, मागे अंड्यांच्या पेट्या. तिनं नाव दिलं तेव्हा मला तिची काळजी वाटली. खरं सांगायचं तर गाडीची.

"वळणावर ही मागून घसरते हं," मी खिडकीतून सांगितलं.

"बरं."

"ब्रेक डावीकडे ओढतो."

"बरं."

"आणि दुसऱ्या गिअरला जरा..."

"गार्लंड, बाजूला हो. मला निघायचंय."

ती अर्ध्या फेरीनं जिंकली. हेल्मेट काढलं, केसांच्या पिना सारख्या केल्या आणि म्हणाली, "गाडी चांगली आहे की रे. तू कशाला नावं ठेवतोस तिला?"

हॉइट फडक्याला हात पुसत होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. एवढी माया त्यानं माझ्यावर पुन्हा कधी केली नाही.

त्यानंतर आठवडाभर मी फुगून बसलो. शेवटी विचारलंच, "वळणावर तू नक्की करतेस काय?"

"भिंतीकडे बघत नाही," ओनीटा म्हणाली. "तू भिंतीकडे बघतोस, मग घाबरतोस, मग पाय उचलतोस. जिकडे बघशील तिकडे गाडी जाते. जायचंय तिकडे बघ. आणि मागे अंडी आहेत असं समज."

समजायला मला जमेना, म्हणून तिनं मला खऱ्या अंड्यांवरच बसवलं. ट्रक मी चालवायचा, ती शेजारी. पहिल्या खेपेनंतर घरात चार दिवस नुसती अंडीच शिजत होती. हॉइटही जेवायला आला. "शिकणं चालू राहू दे," म्हणाला आणि आणखी वाढून घेतलं.

पण हळूहळू फुटकी अंडी कमी झाली. ऑगस्टच्या शर्यतीत मी नेहमीप्रमाणे शेवटून सुरू झालो, पण दोघांना मागे टाकलं. मग दुसऱ्या वळणावर सगळ्यात पुढचा लेस्टर गर्रकन फिरला आणि मागचे सगळे एकमेकांवर जाऊन आदळले. मी इतका मागे होतो, की मला ते दिसलं, कळलं आणि कुठून निघायचं हेही सावकाश ठरवता आलं. मी फटीतून निघालो. पुढे कोणी नाही. इतक्या वर्षांत मला ट्रॅक धुळीशिवाय कधी दिसलाच नव्हता.

लोक उभे राहिले. दोन फेऱ्या उरल्या होत्या. मी भिंतीकडे बघितलं नाही, पाय उचलला नाही, मागे अंडी आहेत असं समजलो. सगळं तिनं शिकवल्याप्रमाणे चाललं होतं. शेवटच्या वळणावर आलो, तर ट्रॅकच्या आतल्या बाजूला एक तळं होतं, त्याच्या काठावर ओनीटा उभी. डोक्यावरची टोपी काढून हलवत होती. लग्नानंतर ती मला बघून इतकी खूश झालेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मी तिच्याकडे बघितलं. गाडी तिकडे गेली.

ओनीटा वेळेवर बाजूला झाली. मी तळ्यात गेलो. पाणी खिडकीच्या काठापर्यंत आलं आणि थांबलं. मी तिथेच स्टिअरिंग धरून बसून राहिलो. मी आधी मागे टाकलेल्या दोघांतला एक, लेस्टरचा भाऊ, मागून आरामात येऊन शर्यत जिंकून गेला.

हॉइट कमरेभर पाण्यातून साखळी घेऊन आला. "पहिला होतास," तो म्हणाला.

"माहीत आहे."

"अजूनही पहिलाच आहेस. तळ्यात दुसरं कोणी नाही."

ओनीटा काठावरून म्हणाली, "जायचंय तिकडे बघ म्हटलं होतं मी. माझ्याकडे कुठं यायचं होतं तुला?"

मला हसू फुटलं. इतकं, की हॉइटला वाटलं डोक्याला मार लागला. "गाडीचा काही दोष नव्हता रे," मी त्याला सांगितलं. त्यानं साखळी गाडीच्या टपावर ठेवली.

"बस जरा," म्हणाला. "डॉक्टरला बोलावतो."

पुढे आणखी दोन वर्षं मी गाडी पळवली. एकदा चौथा आलो, ते पुरे झालं. मग बर्लनं मला अडकलेल्या गाड्या ओढायच्या ट्रकवर ठेवलं. "ट्रॅकच्या बाहेरची जागा तुझ्याइतकी कोणाला माहीत नाही," असं तो म्हणाला आणि त्यात खोटं काही नव्हतं. ओनीटा तीन उन्हाळे बायकांच्या शर्यतीत उतरली, तिन्ही उन्हाळे जिंकली. मग इतर नवऱ्यांनी कुरकुर केली आणि बर्लनं ती शर्यत बंद केली. मी त्याच्याकडे भांडायला गेलो होतो. काही उपयोग झाला नाही.

आता त्या ट्रॅकवर पाइनची झाडं वाढली आहेत. घरी कोणी आलं की ओनीटाला त्या उन्हाळ्यांबद्दल विचारतात. ती "होतं ते तेव्हाचं" म्हणून कॉफी ठेवायला उठते. मग मीच सांगतो, थोडं वाढवून.