सुया, सायकल आणि आमचे वस्ताद

किस्से गोळा करायला आमच्या ग्रुपमध्ये कुणालाच कष्ट पडत नाहीत. ते उरलेल्या लोकरीसारखे आपोआप साठत जातात. एकेक तुकडा एवढासा, त्याचा धड मोजाही होत नाही, पण टाकून द्यायला हात धजत नाही! माझ्याकडे पिशवीभर लोकर आहे आणि डोकंभर किस्से. लोकर कुणी मागत नाही, म्हणून किस्से सांगते.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघं. मी शाळेत विज्ञान शिकवते. विणकामाचं वेड मला सातवीपासून, आणि चाळिशी उलटल्यावर पोहणं, सायकल, पळणं ह्या तिन्हीचं वेड एकदम लागलं. शिवलीला फिजिओथेरपिस्ट, गडहिंग्लजकडची, मला 'अक्का' म्हणते. मिलिंद सरकारी इंजिनिअर, शिस्तीचा माणूस, सायकलची चेन दर रविवारी टूथब्रशनं घासतो. आणि आमचे वस्ताद! शिवाजी पेठेतल्या तालमीत कुस्ती केलेले. गुडघे गेले तशी कुस्ती सुटली, आता आमच्यासारख्यांना रंकाळा तलावाकाठी पळवतात. पैलवानकी संपली, पण आवाज तसाच आहे. ते हाक मारतात तेव्हा दूधवालेसुद्धा वेग वाढवतात.

*

गेल्या वर्षीच्या ट्रायथलॉनचं आधी सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आधी पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, आणि हे सगळं ठरलेल्या वेळेच्या आत. मी पळतपळत शेवटच्या वळणावर आले आणि माझ्या डोळ्यांदेखत वेळ संपली. मेडल नाही, निकालात नाव नाही. मी तिथेच फुटपाथवर बसून हमसून हमसून रडले. रडून झालं, तशी शिवलीलानं आणून दिलेल्या पिशवीतून सवयीनं विणकाम काढलं. मान वर केली तर वस्ताद समोर उभे!

"बाई, ह्या सुयांनीच घात केला तुमचा! खांदं आखडत्यात त्येनं. सोडा ते आता."

"वस्ताद, विणलं नाही तर मला झोप लागत नाही. झोपले नाही तर पहाटे उठणार कशी?"

"मग न्हाय जमणार तुमाला. दोनातलं एक धरा."

माझंही डोकं फिरलेलं होतं. म्हटलं, दोन्ही धरणार, आणि पुढच्या वर्षी वेळेत येऊन दाखवणार! वस्तादांनी लगेच हात पुढे केला. "येळेत आलासा तर सुयांचं नाव काढणार न्हाय मी. न्हाय आलासा, तर घरातल्या सगळ्या सुया माझ्या ताब्यात. कायमच्या. मंजूर?"

"मंजूर!" म्हणून मी टाळी दिली. घरी येऊन सुयांचा डबा उघडला आणि एकेक जोडी पुसून ठेवली. त्यातल्या बांबूच्या सुया मी माझ्या पहिल्या पगारातून घेतलेल्या होत्या.

*

पावसाळ्यात सायकल घरातच स्टँडवर लावून चालवायची असते. चाक जागच्या जागी फिरतं, समोर भिंत. अहो, किती वेळ भिंत बघणार! मी हँडलवर कोपरं टेकवली आणि सुया हातात घेतल्या. पाय खाली, हात वर, दोन्ही कामं जोरात. माझे यजमान प्रकाश चहा घेऊन आले आणि म्हणाले, "तिसरा हात असेल तर सांग, कणीक मळायची राहिलीय."

आमच्या मनगटावरच्या घड्याळातून हृदयाच्या ठोक्यांचा आलेख वस्तादांच्या मोबाइलवर जातो. दुसऱ्या दिवशी रंकाळ्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. चेहरा गंभीर.

"बाई, सगळी रेघ सरळ हाय. मग हितं मधीच एवढा उंच चढ कसला? छातीत दुखलं काय?"

मी आलेख बघितला आणि मान खाली घातली. "नाही हो वस्ताद. तिथं टाका सुटला."

वस्तादांनी मिलिंदला हाक मारून आलेख दाखवला. म्हणाले, "घाटात ह्यांचा ठोका वाढत न्हाय, आन टाका सुटल्यावर वाढतोय. आता ह्येला काय औषध द्यायचं?"

*

पुढे माझं मनगट दुखायला लागलं. प्रकाश म्हणाले सायकलनं, वस्ताद म्हणाले सुयांनी. दोघांची चांगलीच जुंपली! प्रकाश विणकामाच्या बाजूनं भांडताहेत हे बघून मला भरून आलं. तेवढ्यात ते म्हणाले, "सुया घेऊन बसली की निदान घरात तरी असते." भरून आलेलं लगेच ओसरलं.

निकाल लावायला सगळे शिवलीलाच्या क्लिनिकमध्ये गेलो. तिनं मनगट उलटसुलट वळवून बघितलं, दाबलं, मला अंगठा हलवायला लावला.

"अक्का, खरं सांगा. सायकल न्हाय, विणकाम न्हाय, त्या मधल्या वेळेत काय करताय?"

"काही नाही गं. मोबाइलवर विणकामाचे व्हिडिओ बघते. नाहीतर सायकलींचे."

"तेच बंद करा. बाकी दोन्ही चालू दे!"

वस्ताद आणि प्रकाश एकमेकांची नजर चुकवत बाहेर पडले. दोघांच्याही हातात मोबाइल होते.

*

गगनबावड्याच्या राइडचा किस्सा मिलिंद स्वतः कधी सांगत नाही, म्हणून मीच सांगते. लांब राइडला जाताना माझ्या जर्सीच्या मागच्या खिशात एक अर्धवट मोजा असतोच. चहाला थांबलो की चार ओळी होतात. तर त्या दिवशी वाटेतल्या एका गावात टपरीवर चहा घेतला, मी चार ओळी विणल्या, सुयांसकट मोजा खिशात कोंबला आणि निघाले. मोजा खिशात गेला, पण लोकरीचा गुंडा बाकाखालीच राहिला!

मिलिंद पैसे देऊन मागाहून निघत होता. बघतो तर बाकाखाली गुंडा आपोआप गरागरा फिरतोय. टपरीवाला दचकून मागे सरकला. धागा बाकाखालून बाहेर, तिथून रस्त्यावर, आणि रस्त्यानं पार गावाच्या कमानीकडे. मिलिंद शिस्तीचा माणूस, धागा तोडेल कसा? एका हातानं सायकल ढकलत आणि दुसऱ्या हातानं लोकर गुंडाळत निघाला. हेल्मेट, गॉगल, चकचकीत सायकलचे कपडे, आणि हातात गुलाबी लोकर!

पारावर एक आजोबा बसले होते. त्यांनी धाग्याकडे बघितलं, मिलिंदकडे बघितलं, वर आभाळाकडे बघितलं.

"पावणं, पतंग कुठं गेला?"

मिलिंदनं मान न वळवता उत्तर दिलं. "पुढं गेला, सायकलवरनं!"

मला हे काहीच माहीत नव्हतं. घाटाच्या पायथ्याला मी थांबले आणि मागे वळून म्हटलं, "काय रे मिलिंद, आज फार मागे पडलास?" त्यानं गुंडा माझ्या हातात दिला आणि घाट चढायला लागला. त्या दिवशी तो वरपर्यंत कुणाला सापडला नाही.

*

स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात व्यायाम जवळजवळ बंद ठेवायचा असतो. अंगातली ताकद साठवायची. ऐकायला सोपं वाटतं, पण रोज पहाटे उठून पळणाऱ्या माणसाला घरी बसवलं की तो घरच्यांना पळवतो! ह्या वर्षी मिलिंदनं दोन दिवसांत माळा आवरला, पंखे पुसले आणि बायकोच्या मसाल्याच्या डब्यांची जागा बदलली. तिसऱ्या दिवशी त्याच्या बायकोचा, सुजाताचा मला फोन आला. "ताई, ह्यांना काहीतरी काम द्या. नाहीतर मी माहेरी जाते."

मी सुयांची एक जोडी आणि लोकर घेऊन गेले. टाके कसे घालायचे ते दाखवलं, ओळ कशी विणायची ते दाखवलं. म्हटलं, मफलर कर, त्यात काही चुकत नाही. मिलिंदनं मान डोलावली आणि कामाला लागला. घरात शांतता झाली. मी खूश, सुजाता खूश.

स्पर्धेच्या दोन दिवस आधी पुन्हा सुजाताचा फोन. "ताई, मफलर टीव्हीपासून निघालाय तो स्वयंपाकघरात आलाय. लोकर संपली की हे बाजारात जाऊन आणतात!"

"अगं, मग थांबव म्हणावं!"

"कसा थांबवणार? तुम्ही चालू करायला शिकवलंत, बंद करायला कुठं शिकवलंय?"

खरंच की! शेवटची ओळ बंद करायचं मी शिकवलंच नव्हतं. आणि मिलिंद, न शिकवलेली गोष्ट मनानं करणारा माणूसच नव्हे.

*

आता ह्या वर्षीच्या स्पर्धेचं सांगते.

वस्तादांना नात झाली होती आणि स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी तिचं बारसं होतं. तिच्यासाठी मी पिवळा स्वेटर विणायला घेतला होता. खालून वर, एकसंध, कुठे शिवण नाही. आणि गंमत बघा, सुयांचे हे वैरी मला रोज पहाटे विचारायचे, "बाही झाली काय? दुसरी कवा घेताईसा?" स्पर्धेच्या दिवशी फक्त गळा राहिला होता. मी पाण्यात उतरण्याआधी पिशवी वस्तादांकडे दिली. म्हटलं, "आत स्वेटर सुयांवरच आहे, जपून ठेवा. फिनिश झाल्यावर बसल्या बसल्या गळा पूर्ण करते."

"आन फिनिश न्हाय झालं तर?" वस्ताद म्हणाले. "तर त्या सुया बी माझ्या."

पोहणं झकास झालं. सायकलवर समोरून वारा होता, तरी निभावलं. पळायला लागले आणि सुरुवातीला वाटलं, आज होणार! पण शेवटच्या फेरीत पाय संपले. शब्दशः संपले. मी चालायला लागले. गेल्या वर्षीचं ते वळण डोळ्यांपुढे आलं, बांबूच्या सुया डोळ्यांपुढे आल्या. मला ती रेघ ओलांडायची होती हो! इतक्या तीव्रतेनं मला आयुष्यात फार थोड्या गोष्टी हव्या होत्या.

कोपऱ्यावर वस्ताद उभे होते. "पळा की बाई! अजून येळ हाय!"

"नाही जमत वस्ताद. घेऊन टाका सुया."

वस्तादांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग पिशवीत हात घातला, पिवळा स्वेटर बाहेर काढला आणि सुया ओढून काढल्या. मोकळे टाके वाऱ्यावर! धाग्याचं टोक चिमटीत धरून म्हणाले, "पळताईसा, का उसवू?"

मला वाटलं, स्वतःच्या नातीचा स्वेटर आहे, हा माणूस काही करायचा नाही.

सर्रर्र! एक ओळ गेली.

"वस्ताद!" मी किंचाळले.

सर्रर्र! दुसरी.

मी पळायला लागले. कुठून बळ आलं माहीत नाही, डोक्यात नुसता राग होता. वस्ताद दुखऱ्या गुडघ्यानं फुटपाथवरून माझ्या बरोबरीनं लंगडत निघाले. जरा वेग कमी झाला की सर्रर्र! खांदा गेला. पुन्हा कमी झाला की सर्रर्र! एक बाही सुटी झाली. रस्त्यावरचे लोक टाळ्या वाजवायचं सोडून बघत उभे राहिले. तेवढ्यात स्पर्धेचा एक पंच शिट्टी वाजवत धावत आला. स्पर्धकाला बाहेरच्या माणसानं मदत केली की स्पर्धक बाद, असा नियम आहे.

"ओ काका! बाहेरची मदत चालणार नाही!"

"मदत कुठं करालोय?" वस्ताद गरजले. "नुकसान करालोय की!"

पंच तिथेच उभा राहिला. शिट्टी तोंडात, पण वाजवेना. मी त्याच्यासमोरून सुसाट गेले. वळण आलं, कमान दिसली, पलीकडे शिवलीला "अक्का! अक्का!" करत नाचत होती. मिलिंद आधीच पोहोचला होता, गळ्यात मेडल घालून चक्क रडत होता. मी रेघ ओलांडली आणि वर बघितलं. घड्याळ अजून चालू होतं! मी आले होते! वेळेत आले होते! मी शिवलीलाच्या गळ्यात पडले, मिलिंदच्या पाठीत धपाटे घातले, एका अनोळखी स्वयंसेवकाला मिठी मारली.

मग गर्दीतून वाट काढत वस्ताद आले. डोळे पाण्यानं भरलेले. एका हातात उरलेला अर्धा स्वेटर, दुसऱ्या हातात पिवळ्या लोकरीचा हा एवढा गुंता, आणि सुया शर्टाच्या खिशात. माझ्या मेडलकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. फुटपाथवर हळूच मांडी घालून बसले आणि सुया काढून दोन्ही मुठींत घट्ट धरल्या.

"बाई, पोरीचं बारसं उद्याच हाय. तुमी दमलाईसा. कसं करायचं तेवढं सांगा, मी करतो."