माहेर विचारणाऱ्या चाची

"हिचं माहेर पाण्याखाली हाय, म्हणून हात असा आखडलाय."

चाचींनी हे माझ्याकडे न बघता, शेजारच्या बाईला हळूच सांगितलं. आम्ही इंदापूर तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या एका गावात, कुणाच्या तरी अंगणात बसलो होतो. चाचींच्या पुढ्यात बांगड्यांची पेटी उघडी होती आणि त्यांच्या हातात पन्नाशी उलटलेल्या एका बाईचा हात होता. बांगडी बोटांच्या पेरांपर्यंत येऊन अडली होती.

चाचींची रीत ठरलेली होती. आधी अंगठा आत दुमडायचा, मग तळहात दोन्ही बाजूंनी दाबून अरुंद करायचा, आणि बांगडी पेरांवर आली की विचारायचं, "माहेर कुठलं गं तुजं?" बाई गावाचं नाव सांगायला लागली की तिचं लक्ष तिकडं जायचं, हात सैल पडायचा आणि बांगडी मनगटात उतरलेली असायची. साबण नाही, तेल नाही. तुम्ही बांगड्या भरणाऱ्या बायका पाहिल्या असतील. त्या भराभर बोलतात ते केवळ गप्पांची हौस म्हणून नाही, हे मला चाचींमुळे कळलं.

पण या बाईचं माहेर धरणात गेलेलं होतं. गावाचं नाव घेताच तिचा हात आणखीच आखडला. चाचींनी बांगडी पेरांवरच जराशी फिरवली. मग म्हणाल्या, "तुज्या दारात चिंच हुती का गं?"

"दारात न्हाय, पाराजवळ. लई मोठी. आमी तिच्यावर..." बाई सांगायला लागली, आणि बांगडी गेली.

मी मांडीवरच्या फॉर्मवर नजर ठेवून होते. "स्थलांतराचं कारण" या रकान्यात "विस्थापन" असं लिहिलं. चिंचेसाठी रकाना नव्हता.

मी भूगोलाची विद्यार्थिनी. शाळा बारामतीत, इंग्रजी माध्यमाची. स्थलांतराचे पुश फॅक्टर, पुल फॅक्टर, लोकसंख्येचा मनोरा हे सगळं मला तोंडपाठ होतं, पण अनोळखी दारात उभं राहून "नमस्कार" म्हणायचं तर मी आईच्या मागे सरकायचे. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला मॅडमनी स्थलांतरावर प्रकल्प दिला. गावोगाव जाऊन घरटी फॉर्म भरायचे होते. घरी सांगितलं तेव्हा पप्पा म्हणाले, "एकटी कशी जाणार?" हा प्रश्न आमच्या घरात उत्तरासाठी विचारत नाहीत. शेवटी आईनेच मार्ग काढला. आमच्या मागच्या गल्लीतल्या चाची आठवड्यातून तीन दिवस एसटीने इंदापूरकडच्या गावांना बांगड्या घेऊन जात. "चाचींच्या बरोबर जा, त्यांच्याच बरोबर परत ये," आई म्हणाली. म्हणजे मला परवानगी मिळाली ती बांगड्यांच्या पेटीबरोबर, तिच्याच मापाची.

चाची तेव्हा साठीच्या असतील. नऊवारी नाही, फिक्या फुलांची गोल साडी, डोक्यावरून पदर, आणि एक गुडघा वाकत नसल्याने पाय लांब करून बसण्याची सवय. एसटीत त्या पेटी खिडकीशी ठेवायच्या आणि मला मधे बसवायच्या. "काच आन् पोरगी, दोन्ही संबाळायला दिल्यात मला," म्हणायच्या आणि स्वतःच हसायच्या. मी हसत नसे. त्यांना ते कळायचं.

फॉर्म भरताना मी माझ्या समजुतीने फार शिस्तीत काम करत होते. पहिल्याच आठवड्यात एका वस्तीवर घरातले तात्या ओट्यावर बसले होते. मी विचारलं, "तुमच्या घरात बाहेरून आलेलं, स्थलांतरित असं कोणी आहे का?"

"छ्या! आमी हितलंच. सात पिढ्या झाल्या."

मी शून्य लिहिलं. आतून चाचींचा आवाज आला. "काय लिवलंस गं?"

"शून्य."

"अगं, चार बाया बसल्यात माज्यापुढं. म्हातारी करमाळ्याची, थोरली सून दौंडची, मधली माळशिरसची, धाकटी फलटणची. त्या काय शेतात उगवल्या व्हय?"

तात्या म्हणाले, "चाची, बायकांचं कुठं धरत्यात त्यात?"

"न्हाय धरत, म्हणून तर शून्य येतंय," चाची म्हणाल्या. आत म्हातारी एवढी हसली की तिला ठसका लागला. तात्याही मिशीत हसले. मी शून्य खोडून चार लिहिलं, आणि मग आधीचे सगळे फॉर्म काढून बघितले. सगळीकडे शून्यच होतं. सगळीकडे मी ओट्यावर बसलेल्या माणसालाच विचारलं होतं. आमच्या पुस्तकात "विवाह" हे स्त्रियांच्या स्थलांतराचं मोठं कारण म्हणून दिलेलं होतं. परीक्षेत मी ते लिहून गुणही मिळवले होते.

घरी येऊन आईला विचारलं, "तू बार्शीहून आलीस तेव्हा कशी आलीस?" ती पोळ्या लाटत होती. "जीपमधून," म्हणाली, आणि थोड्या वेळाने, "मागे बसले होते. रस्ता उलटा दिसत होता." मी जन्मल्यापासून तिच्याजवळ राहते, आणि हे मला माहीत नव्हतं.

चाचींकडे पदवी नव्हती, पण माहेर हा एक शब्द त्यांना चार प्रकारे येत होता. लोणी देवकरच्या कारखान्यांजवळ भाड्याच्या खोल्यांची एक रांग आहे. तिथे बिहारची एक नवी नवरी दाराआड उभी होती. मी माझ्या शुद्ध हिंदीत "आप यहाँ कब आयीं" असं विचारलं, तर ती आत गेली. चाचींनी नुसतं विचारलं, "नैहर कहाँ?" आणि ती बाहेर आली. राजस्थानी बाईला त्या पीहर विचारायच्या, विजापूरकडच्या बाईला तवरमनी. "बाकीची भाषा येवो न येवो," त्या म्हणायच्या, "येवढा शबुद आला की हात पुढं येतो."

ऊसतोड कामगारांच्या पाचटाच्या कोप्यांवर मात्र त्या पेटी उघडतच नसत. "कोयत्याखाली काच चार दीस टिकत न्हाय. ह्यांना आत्ता नको. गावाकडं निघताना भरत्यात. मोकळ्या हातानं कोण जाईल आईच्या दारात?" म्हणून हंगाम संपायच्या आठवड्यात त्या मुद्दाम तिकडे फेरी ठेवत. कोण कधी येतं आणि कधी परततं याचा तक्ता मी महिनाभर जमवत होते. चाचींनी तो बसथांब्यावर उभ्या उभ्या सांगितला.

एकदा परतीच्या एसटीत त्यांनी माझा हात सहज हातात घेतला, अंगठा दुमडून पाहिला. "सव्वादोनचं माप. लहान हाय हात. पन बघ, कसा धरलाय. कुठं जायचंय तुला?"

कुठून आलीस असं सगळ्या जगाला विचारणाऱ्या चाचींनी मला कुठं जायचंय ते विचारलं. मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी खिडकीकडे बघून म्हणाले, "पुण्याला. एम.ए.ला. प्रवेश मिळालाय."

"मंग?"

"घरी स्थळ आलंय. इंदापूरचं. मुलगा चांगला आहे, माणसं चांगली आहेत. लग्नानंतर शीक म्हणतात."

"तू काय म्हनलीस?"

"काही नाही."

"एवढी इंग्रजी शाळा शिकलीस, आन् तोंडात काय, मूग?" त्या हसल्या. पण मग बराच वेळ पेटीच्या कडीशी खेळत राहिल्या. "मी सुप्याची. सोळाव्या वर्षी आले. मला कुनी इचारलंच न्हाय बग. मग मीच सगळ्यास्नी इचारत फिरले."

वाईट माणसांना नाही म्हणता येतं. माझ्या घरची माणसं वाईट नव्हती, तीच अडचण होती. पप्पा मला स्कूटरवरून परीक्षेला सोडायचे आणि पेपर संपेपर्यंत फाटकाशी थांबायचे. त्यांच्या प्रत्येक गोष्टीला मी मान हलवत आले, आणि माझी मान हलली की घरात त्याला होकार धरत. साखरपुड्याची तारीखही अशीच ठरली. रविवार. सोमवारी पुण्यात प्रवेशासाठी हजर राहायची शेवटची मुदत होती. ती तारीख फक्त मला माहीत होती.

शुक्रवारी दुपारी चाचींना बांगड्या भरायला बोलावलं. आत्या, मामी, शेजारच्या बायका, सगळ्या हॉलमध्ये बसल्या होत्या. आधी त्यांचे हात भरून झाले. चाची नेहमीसारख्या बोलत होत्या. मग मला पाटावर बसवलं. आईने हळदीकुंकू आणून ठेवलं.

चाचींनी माझा हात घेतला. अंगठा दुमडला. तळहात दाबला. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. हात किती आखडला होता ते मलाच जाणवत होतं. मी प्रश्नाची वाट बघत होते. प्रश्न आला नाही. त्यांनी हात तसाच धरून ठेवला, ताप बघतात तसा. मग खाली ठेवला.

"हिच्या मापाच्या न्हाईत माज्याकडं," चाची म्हणाल्या.

"अहो, काय म्हणता!" आत्या म्हणाली. "एवढी पेटी भरलीय."

"सव्वादोनच्या हिरव्या संपल्या. उद्या आनते."

पेटीच्या डाव्या कप्प्यात हिरव्या बांगड्यांचा जुडगा होता. दोऱ्याला चाचींच्या खुणेची लाल गाठ होती. सव्वादोनला लाल, अडीचला पांढरी. इतके दिवस शेजारी बसून मला ते माहीत झालं होतं. चाचींनी त्यावर फडकं टाकलं आणि पेटी बंद केली. उठताना गुडघ्यावर हात दाबून त्या माझ्याजवळ वाकल्या, आणि पेटी उचलून जिन्याकडे निघाल्या.

त्यानंतर मी चाचींना पाहिलं नाही. गुडघा फारच दुखायला लागला म्हणून मुलगा त्यांना भिवंडीला घेऊन गेला. प्रकल्पाच्या शेवटी आभार मानायचं पान होतं, तिथे मी मॅडमचं, ग्रंथालयाचं आणि ग्रामपंचायतीचं नाव लिहिलं. चाचींचं लिहिलं नाही, कारण तेव्हा मला वाटलं होतं की आभार माहिती देणाऱ्यांचे मानतात, सोबत करणाऱ्यांचे नाही. आता त्या मागच्या गल्लीत गेलं की त्यांचं दार बंद दिसतं, आणि तिथल्या बायका बांगड्या मोबाईलवरून मागवतात. दोन मापं मोठ्या येतात, म्हणून हात न दाबता जातात.

पण हे नंतरचं. त्या दुपारी चाची जिना उतरून गेल्या, आणि हॉलमध्ये बोलणं सुरू झालं.

"म्हातारी झाली आता," मामी म्हणाली. "माप घेऊन यायचं कळत नाही होय?"

"हात गेला तिचा," आत्या म्हणाली. "त्या मघाच्या माझ्याही बघ, किती दाबून भरल्या. उद्या नका बोलवू तिला. भिगवण चौकातल्या दुकानातून आणू सरळ."

आत्याच्या हातावर ओरखडासुद्धा नव्हता. पप्पा दारात उभे होते. त्यांनी मोबाईल काढला, "चालेल, मी सांगतो दुकानात," म्हणाले, आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवेन म्हणून बघितलं. चाळीस वर्षं हजारो हात ज्यांनी न दुखवता भरले, त्यांचा हात माझ्यामुळे गेला असं ठरत होतं, आणि हेही मी मान हलवून मान्य करायचं होतं.

मी पाटावरून उठले. आवाज फाटेल असं वाटत होतं आणि तो फाटलाच, पण ऐकू गेला.

"चाचींचा हात गेलेला नाही, आत्या. बांगड्या होत्या त्यांच्याकडे. पप्पा, दुकानात फोन करू नका. मला साखरपुडा करायचा नाही, मला सोमवारी पुण्याला जायचंय."