ओना मोतीराम, राहणार दुसरबीड

माझी मोठी जाऊ लिथुआनियाची होती. आमच्या दुसरबीडात हे नाव कुणाच्या जिभेवर बसलं नाही. कुणी तिला मडमीण म्हणे, कुणी रशियाची बाई. तिचं नाव ओना. सासूबाई, म्हणजे अंबूबाई, ती लग्न होऊन घरात आली त्याच दिवशी म्हणाल्या, "ओना म्हंजे अन्नाच. अन्नपूर्णा म्हणू." तेच पडलं.

माझे थोरले दीर मोतीराम लढाईच्या काळात लष्करात लॉरी चालवायचे. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धातून पळून आलेल्या लोकांची छावणी होती. तिथं ते भाजीपाला पोचवत. छावणीच्या कोठीत भाजी मोजून घेणारी एकोणीस वर्षांची पोरगी म्हणजे ओना. अठ्ठेचाळीसात छावणी उठली. सोबतचे लोक कुणी इंग्लंडला गेले, कुणी आणखी कुठं. तिचं जायचं ठिकाणच नव्हतं. दोघांनी कोल्हापुरात नोंदणी करून लग्न केलं आणि दीर तिला गावी घेऊन आले.

मी या घरात आले तेव्हा तिला येऊन चार वर्षं झाली होती. मळ्यात वांगी, मिरच्या, कांदे असायचे. ती आमच्यासारखंच नऊवारीचा कासोटा घालून वाफ्यात उतरे, वऱ्हाडी बोले, फक्त 'ळ' तिला कधी जमला नाही. हसतमुख होती. पण खाकी कपडे दिसले की हातातलं काम टाकून आत जायची. पोस्टमन आला तरी. आम्हाला वाटे, लाजते.

बासष्टच्या दिवाळीनंतर, चीनशी लढाई चालू असताना, पोलीसपाटील उत्तमराव एक कागद घेऊन दारात आले. परदेशी बाईनं सोमवारी जिल्ह्याच्या कचेरीत कागदपत्रांसह हजर व्हावं, असा हुकूम होता.

"घाबरू नका वहिनी," उत्तमराव म्हणाले. "साधी चवकशी हाय. दुपारपर्यंत वापस येसान."

तिचा चेहरा चुन्यासारखा झाला. तिनं विचारलं, "असंच म्हणाले काय ते? दुपारपर्यंत?"

"हाव. काऊन?"

कारण न सांगताच ती आत गेली. त्या दिवसापासून तिचं जेवण सुटलं. ती भाकऱ्या भाजायची आणि त्यांचे तुकडे करून उन्हात वाळवायची. दोन गोधड्या शिवून जाड केल्या. दिरांच्या सदऱ्याला आतून खिसा लावला, त्यात लग्नाचा कागद. नऊ वर्षांच्या पुष्पाला, तिच्या एकुलत्या एक लेकीला, ती क्षणभर नजरेआड होऊ देईना.

दीर वैतागले. "बुलढाण्याले जायचं हाय, हिमालयात नाही. गोधड्या कायले?"

रविवारी दुपारी मी तिच्याजवळ बसले. म्हटलं, बाई, मनात काय आहे ते बोला. ती वाळलेले तुकडे फडक्यात बांधत होती. बांधता बांधता सांगू लागली.

तिचं गाव लिथुआनियातलं, पण त्यावर आधी पोलंडचं राज्य होतं, मग रशियाचं आलं. एके पहाटे शिपाई यादी घेऊन दारात आले. म्हणाले, साधी चौकशी आहे, दुपारपर्यंत परत याल. बापानं विश्वास ठेवला. कुणी गरम कपडे घेतले नाहीत, भाकरी घेतली नाही. स्टेशनवर बापाला वेगळ्या डब्यात घातलं. तो पुन्हा दिसला नाही. बाकीच्यांना गुरांच्या डब्यात कोंडून तीन आठवडे नेलं, बर्फाच्या मुलखात लाकडं तोडायला. सहा वर्षांचा भाऊ, योनास, पहिल्याच थंडीत गेला. पुढं रशियानं पोलंडच्या कैद्यांना सोडलं, त्यात यांचं गावही पोलंडचं धरून यांना सोडलं, तेव्हा दक्षिणेकडे येताना आई तापानं गेली. इराणमार्गे ती एकटी हिंदुस्थानात आली. तेव्हा सोळा वर्षांची होती.

"चौदा वर्षं झाली शालू, मी इथं हाय," ती म्हणाली. "मले वाटलं, यादीतून माझं नाव गेलं."

संध्याकाळी ती सासूबाईंपुढं बसली. "आम्ही वापस नाही आलो तर पुष्पाले शालूची पोरगी म्हणून सांगा."

 सासूबाई मला म्हणाल्या, "तू जाय संगं. तिले एकटी पडू देऊ नको."

सोमवारी पुष्पाला सासूबाईंजवळ ठेवून दीर, ती आणि मी एस.टी.नं निघालो. मेहकर, मग चिखलीला गाडी बदलली. गाडी कुठं थांबली की ती खिडकीतून रस्त्याच्या खुणा पाही, ओठांत पुटपुटे. परतीची वाट पाठ करत होती. गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं नाही.

कचेरीत अकरापासून दोनपर्यंत बाकावर बसलो. तिचा हात माझ्या हातात होता, घामानं ओला. शेवटी कारकुनानं बोलावलं. छावणीचा जुना दाखला पाहिला, नाव लिहिलं, नवऱ्याचं नाव लिहिलं.

"देश?"

"लिथुआनिया."

त्यानं यादी वरखाली पाहिली. "असा देश नाही बाई यात. ते आता रशियात आहे. रशिया लिहितो."

"नाही."

"मग पोलंड? दाखल्यावर पोलंड आहे."

"नाही."

दीर हळूच म्हणाले, "लिहू दे ना वं. कागदच तर हाय."

 ती उभी राहिली. "ज्यांनी माझ्या बापाले नेलं, त्यांचं नाव माझ्या नावापुढं लिहू नका. पाहिजे तर मले बसवून ठेवा."

कारकून गोंधळला आणि कागद घेऊन आत गेला. आता शिपाई येणार, असं मलाही वाटलं. आले ते चष्मेवाले वयस्क साहेब. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं, गावाचं नाव तिच्याच हातानं लिहून घेतलं. मग स्वतः पेन घेऊन लिहिलं, जन्म लिथुआनिया, हल्ली ओना मोतीराम, राहणार दुसरबीड.

"तुमचे यजमान भारतीय आहेत," ते म्हणाले. "तुम्ही नागरिकत्वाचा अर्ज का केला नाही?"

"अर्ज केला असता तर मी कुठं हाय ते त्या यादीवाल्याईले समजलं असतं," ती म्हणाली.

अर्ज त्याच दिवशी भरला. अंधार पडायच्या आत आम्ही घरी होतो. पण तिची काळजी सुटली नाही. पुढं सव्वा वर्ष उत्तर नव्हतं. दारावर सायकल थांबली की ती पुष्पाला हाक मारी. चौसष्टच्या उन्हाळ्यात बोलावणं आलं. तिनं शपथ घेतली आणि दाखला मिळाला. त्यानंतर पुष्पा एकटी शाळेत जाऊ लागली.

दाखला मिळाल्यावर तिनं एक धाडस केलं. गावाकडच्या मावशीच्या नावानं पत्र टाकलं. आजवर तिला भीती होती, आपल्या पत्रानं तिकडच्यांना त्रास होईल. आठ महिन्यांनी उत्तर आलं. आधी कुणीतरी फोडून पुन्हा चिकटवलेलं पाकीट. मावशी जिवंत होती. बाप त्रेचाळीसातच कैदेत वारला होता.

ती ओट्यावर बसून राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं. भटजी म्हणाले, वर्ष उलटल्यावर कळलेली बातमी, नुसती आंघोळ केली तरी चालेल.

"तिले आज समजलं," सासूबाई म्हणाल्या, "मंग तिच्यासाठी तो आजच गेला."

लेकीनं बापाचं पाळायचं असतं तसं तीन दिवस सुतक पाळलं. आमच्या चुली बंद राहिल्या, शेजारच्या कौशल्याबाईंनी पिठलं-भाकर आणून दिली. बायका येऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी कुणीतरी विचारलं, बापाचं नाव काय होतं. ती म्हणाली, "पेत्रास." मग ती रडली, आणि सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं.