पन्नाशीतला पहिला फेरा

सुनंदावहिनींचा फोन आला तेव्हा मी करोल बागेत पडद्याचं कापड बघत होते. "ताई, हे गेले," एवढंच त्या म्हणाल्या... दुकानदार "लाइट शेड दिखाऊँ, मैडम?" असं विचारत राहिला आणि मी नुसती मान हलवत राहिले. सकाळचा चहा घेऊन सिदरामनी पेपर उघडला आणि खुर्चीतच मान टाकली, हे नंतर कळलं. कुणाला ताटकळत ठेवणं त्यांना कधी आवडलं नाही, जातानाही त्यांनी कुणाला ठेवलं नाही. त्याला आता दीडएक महिना होईल.

दिल्लीतल्या एका सरकारी कार्यालयात आम्ही उभी नोकरी शेजारशेजारच्या टेबलांवर काढली. मी पुण्याची, ते सांगलीकडचे धनगर. साऱ्या मजल्यावर मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे साहेबांची निंदा निर्धास्तपणे, मोठ्या आवाजात करता यायची. मी तोंडाची फटकळ आणि ते शांत. माझं भांडण कुणाशी झालं की ते चहा मागवायचे, माझ्यासाठी आणि समोरच्यासाठीही. याचा मला भयंकर राग यायचा.

त्यांच्या भावकीतली रीत मला कळली ती अशाच एका चहावर. मुलाला मिसरूड फुटलं की त्यानं दिवाळीनंतर मेंढरांबरोबर घाट उतरून कोकणात जायचं, शेताशेतांतून खतासाठी कळप बसवत हिंडायचं आणि पावसाच्या तोंडाशी स्वतःच्या पायांनी परत यायचं. हा त्याचा फेरा. तो पुरा झाला की थोरला माणूस त्याच्या खांद्यावर घोंगडं टाकतो आणि मुलगा बैठकीत मोठ्यांच्या ओळीत बसतो. फेरा नसेल तर त्याला पोरांतच धरायचं, मग त्याचं लग्न होवो की केस पिकोत. वार्षिक परीक्षा नेमकी या हिंडण्याच्या मधोमध येते. आणि एकदा खांद्यावर घोंगडं पडलं, की पुन्हा शाळेच्या बाकावर बसायला कुणाचं मन होणार? त्यामुळे बहुतेकांची शाळा नववी-दहावीलाच सुटायची.

सिदराम वसतिगृहात राहून शिकले आणि त्यांचा फेरा राहिला. दिल्लीत त्यांच्या सहीवाचून फाइल हलत नसे, पण गावच्या बैठकीत ते दाराशी, चपलांजवळ, शेंबड्या पोरांच्यात बसत. चौथीतून शाळा सोडलेला धाकटा भाऊ म्हाकू आत ओळीत. "तुम्हाला राग नाही येत?" मी एकदा विचारलं. "ताई, राग मोठ्या माणसांना येतो," ते म्हणाले, "आम्ही पोरं."

हसण्यावारी नेलेली ही गोष्ट एका वर्षी त्यांच्या वर्मी लागली. म्हाकूचा मुलगा मल्हारी दहावीत होता, गणितात हुशार. दिवाळीनंतर त्याला फेऱ्याला पाठवायचं ठरलं. सिदरामनी फोन करून परोपरीनं समजावलं. म्हाकू म्हणाला, "दादा, दिल्लीत बसून उंटावरून शेळ्या हाकू नगं. त्याच्या जागी कळपामागं कोण चालणार हाय? आन् बैठकीत तुजं ऐकंल कोण?" मग त्यांनी मल्हारीला फोनवर घेतलं. मुलगा म्हणाला, "काका, तुमच्यासारखं मला जन्मभर पोरांत नाही बसायचं."

त्या दिवशी सिदरामनी डबा उघडला नाही. या खेपेला चहा मी मागवला.

आठवड्यानं त्यांनी साठलेल्या सगळ्या रजेचा अर्ज दिला. साहेब चक्रावले. "सिद्रामजी, आप भेड़ चराने छुट्टी ले रहे हैं?" सिदराम शांतपणे म्हणाले, "जी सर. प्रमोशन का मामला है." मी मात्र त्यांना फैलावर घेतलं. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, साखरेच्या गोळ्या चालू. "तुम्हाला वेड लागलंय," मी म्हटलं. ते म्हणाले, "मल्हारीच्या जागी कळपामागं माणूस पाहिजे ना? मी आहे की."

आणि गेले. भावकीतल्या नियमाप्रमाणे पहिल्या फेऱ्यातल्या पोरानं करायची सगळी कामं त्यांनी केली. पाणी आणलं, लंगडी मेंढरं खांद्यावर घेतली, पुतण्याच्या वयाच्या पोरांचा हुकूम ऐकला. घाट उतरताना गुडघा सुजला तेव्हा म्हाकूच म्हणाला, "दादा, बास कर, गाडीत बस." पण गाडीत बसलं की फेरा मोडतो. ते बसले नाहीत. इकडे मल्हारीनं परीक्षा दिली. जूनमध्ये सिदराम कार्यालयात आले तेव्हा दारावरच्या शिपायानं त्यांच्याकडे ओळखपत्र मागितलं, इतके ते काळे नि वाळलेले होते.

बैठकीत बोलायला म्हणून त्यांनी रस्ताभर भाषण जुळवलं होतं म्हणे. ते करायची वेळच आली नाही. घोंगडं टाकताना थोरल्या चुलत्यांनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "ह्यो पन्नाशीत चालला तरी फेरा झाला. मग परीक्षा दिऊन चालला तर पोराचा का हुणार न्हाई?" तेव्हापासून त्यांच्या भावकीत फेऱ्याला वयाची अट राहिली नाही. हे सांगताना सिदरामचे डोळे भरून आले होते... माझेही.

तेराव्याला गाझियाबादच्या त्यांच्या घरी गेले. गावाहून म्हाकू आणि भावकीतली बरीच माणसं रात्रभर प्रवास करून आली होती. हॉलमध्ये सतरंजीवर ओळीनं बसली होती, अगदी गावच्यासारखी. मल्हारी आता मानेसरला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. तो दाराशी चपलांजवळ बसलेला दिसला. मी म्हटलं, "अरे, इथे का?" तो म्हणाला, "माझा फेरा व्हायचाय ना, आत्या. या दिवाळीनंतरची रजा मंजूर झालीय. बिल्कुल पक्कं."

हॉलमध्ये दाटी होती. म्हाकूच्या शेजारी तेवढी एका माणसापुरती सतरंजी रिकामी दिसली, म्हणून मी तिकडे वळले. म्हाकूनं हात आडवा केला.

"तितं नगं, ताई," तो हळूच म्हणाला. "तितं दादा बसतो."

मी परत फिरले आणि दाराशी मल्हारीच्या शेजारी बसले.