संत्र्याचं चिकन आणि उसनी जीभ

मी चिकन खात नाही, पण दर रविवारी करते. हे कळलं की काही बायका माझं कौतुक करतात आणि काही कीव करतात. मला दोन्हींचा सारखाच राग येतो.

माझं माहेर रायपूरच्या पुरानी बस्तीतलं. मराठ्यांच्या अमलात नागपूरकडून जी घरं आली आणि तिथेच मुरली, त्यांतलं एक. आमच्याकडे चातुर्मासात कांदासुद्धा उंबरा ओलांडत नसे, तिथे कोंबडीची काय कथा! सासरचे अमरावतीकडचे. छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, यांची नोकरी भोपाळच्या मंत्रालयातून रायपूरच्या मंत्रालयात आली आणि पुढच्याच वर्षी आमचं लग्न झालं. त्यामुळे राज्याचं आणि आमच्या संसाराचं वय जवळपास एकच आहे. सुरुवातीला दोघांचाही कारभार मिळेल त्या जागेत चालला.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सासूबाई मला मागच्या ओट्यावर घेऊन गेल्या. तिथे वेगळी शेगडी, रस्सा शिजवायचा वेगळा गंज, वेगळी पळी, सगळा वेगळाच संसार मांडलेला.

"पण मी खात नाही," मी घाबरत म्हटलं.

"खायले कोण म्हणून राहिलं तुले? फक्त कर. वासावरून कळते सगळं. कच्चा वास गेला की पाणी टाकायचं, तेल वर आलं की झाकण ठेवायचं. अन् झालं की त्याले बोलाव, तो चाखते."

तेव्हापासून यांची जीभ मी उसनी घेतली. रस्सा उकळला की मी हाक मारायची. हे वाटी घेऊन यायचे, फुंकर घालायचे, डोळे मिटायचे, घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "एक नंबर!" मग मी झाकण ठेवायची. इतक्या वर्षांत एकदाही दोन नंबर आला नाही. यांच्या ऑफिसातले लोक जेवायला यायचे, तेही माना डोलवायचे. न चाखता एवढं चांगलं करणारी बाई म्हणून माझं नाव झालं होतं, आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते नाव आवडायला लागलं होतं.

पुढे मंत्रालय नव्या रायपूरला गेलं. काही वर्षांनी आम्हालाही तिथे क्वार्टर मिळालं. रस्ते इतके रुंद की समोरच्या शेजारणीला हाक मारायची तर फोन करावा लागतो. सासूबाई तोवर गेल्या होत्या, पण त्यांचा गंज आमच्याबरोबर आला. नव्या क्वार्टरला मागे लहानशी बाल्कनी आहे, तिथे मी तो नि शेगडी मांडली.

आमची मुलगी बंगळूरला नोकरी करते. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते हिंदीत. मागच्या थंडीत ती महिनाभर घरी आली होती, लॅपटॉपसकट. तिकडे ती कुठलं तरी ऑरेंज चिकन खाते म्हणे, चायनीज. एक दिवस तिला त्याची हुक्की आली आणि तिने फोनवरून रायपूर शहरातून ते मागवलं. आणणारा पोरगा वाट चुकला. पाच वेळा त्याचा फोन आला. पाचव्यांदा तो रडकुंडीला येऊन म्हणाला, "दीदी, यहाँ सब चौक एक जैसे हैं!" त्याचं काही चुकलं नव्हतं. मीसुद्धा दोनदा दुसऱ्याच्या क्वार्टरची कडी वाजवून आले आहे. शेवटी डबा आला तेव्हा आतल्या तुकड्यांचा थंडगार लाडू झाला होता.

"घर पे बनाएँगे," मुलगी म्हणाली.

योग असा, की त्याच आठवड्यात माझ्या नणंदेकडून वरूडची संत्र्यांची पेटी आली. वरूडचं संत्रं म्हणजे यांचा जीव की प्राण. चिकनमध्ये संत्र्याचा रस घालायचा हे ऐकून यांचा चेहरा असा झाला, जणू आम्ही घरातलं माणूसच शिजवायला निघालो आहोत.

"संत्रं कोणी शिजवते का? काहून त्याची माती करून राहिल्या तुम्ही?"

"बाबा, एक बार खाके तो देखो," मुलगी म्हणाली. तिने फोनवरून कृती वाचून दाखवली. बिनहाडाचे तुकडे अंडं आणि कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळून तळायचे. संत्र्याचा रस, किसलेली साल, आलं-लसूण, सुकी मिरची, सोया सॉस, व्हिनेगर आणि साखर यांचा दाटसर सॉस करायचा आणि त्यात ते तुकडे परतायचे. एवढंच. मग ती मीटिंगला बसली आणि दार लावता लावता म्हणाली, "आई, तू हाथ मत लगाना. मैं आके बनाऊँगी."

मला कोणी हात लावू नको म्हटलं की माझे हात शिवशिवतात. शिवाय चिकन आणून ठेवलेलं, संत्री समोर, आणि मीटिंग काही संपेना. पाककृतीत एवढं अवघड काय होतं? रस आणि साखर, म्हणजे पाकच की! पाक मला कोणी शिकवायला नको. संत्री सोलून बियांसकट मिक्सरमधून काढली. सालं पांढऱ्या भागासकट किसली, वाया कशाला घालवायची? बाल्कनीत सासूबाईंच्या गंजात सगळं घातलं आणि चांगला एकतारी पाक होईपर्यंत उकळलं. वास काय सुटला म्हणता! शेजारीण खिडकीत आली. तुकडे तळले, पाकात घोळवले आणि यांना हाक मारली.

कडूपणाला वास नसतो, हे मला तोवर माहीत नव्हतं.

हे आले. फुंकर घातली, डोळे मिटले, तुकडा तोंडात टाकला. जरा जास्तच वेळ चावला. "एक नंबर!" म्हणाले आणि आणखी दोन खाल्ले.

तेवढ्यात मुलगी मीटिंग संपवून आली. माझ्याकडे रागाने बघत तिने एक तुकडा उचलला आणि दुसऱ्या क्षणी बेसिनकडे धावली.

"आई! ये तो नीम है! पूरा कड़वा ज़हर!"

मी यांच्याकडे पाहिलं. हे बाल्कनीतून बाहेरचा रुंद रस्ता बघत होते.

"तुम्ही तर एक नंबर म्हणालात."

"मले वाटलं, चायनीज कडूच असते."

मुलगी चूळ भरता भरता हसायला लागली. "आई, बाबा तो हर बार एक नंबर ही बोलते हैं. रस्से में नमक कम होता है तब भी. हम लोग ऊपर से डाल लेते हैं ना!"

आता मला कळलं, दर रविवारी ताटाशेजारी मिठाची वाटी का असायची ते. मी समजत होते, काकडीसाठी.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. चिकन कडू झालं याचं मला काही वाटलं नाही, पहिल्यांदा करताना कोणाचंही चुकतं. पण ज्या जिभेवर मी एवढी वर्षं डोळे झाकून विसंबले, ती जीभ मंत्रालयातल्या शाईसारखी निघाली. यांनी आयुष्यभर फायलींवर 'सहमत' लिहिलं आणि रविवारी घरी येऊन माझ्या रश्श्यावरही तेच लिहिलं! मग माझं चिकन कधी चांगलं झालं होतं की नाही? ते पाहुणे माना डोलवायचे, तेही तसलेच? मला स्वतःला तर सांगता येणार नव्हतं. विचारायचं कोणाला?

"अवं, ऐक तर," हे म्हणाले. "तू सोता खात नाही, तरी माह्यासाठी करते. अन् मी वरून नावं ठेवू? बरं दिसते का ते?"

"मी काय नैवेद्य करते का तुमच्यासाठी?"

हे माझ्या तोंडून रागात निघालं, पण निघाल्यावर मीच थबकले. माहेरी नैवेद्याचा स्वयंपाक आम्ही न चाखताच करायचो. उष्टं व्हायला नको म्हणून. म्हणूनच लग्नानंतर न चाखता रांधणं मला जड गेलं नव्हतं. देवाने कधी मीठ कमी आहे म्हणून सांगितलं नाही. पण तो देव आहे, त्याला निदान वरून मीठ तरी घालून घ्यावं लागत नाही.

"आजपासून चिकन बंद," मी जाहीर केलं.

दोन रविवार दुधीची भाजी झाली. पहिल्या रविवारी हे सवयीने "एक नं..." म्हणाले आणि माझ्याकडे पाहून पुढचा घास तसाच गिळला. दुसऱ्या रविवारी काहीच बोलले नाहीत. ते मला जास्त झोंबलं. रागावलेल्या माणसाला कोणी समजवायला आलं नाही, तर त्या रागाचं करायचं काय?

तिसऱ्या रविवारी मुलीने मध्यस्थी केली. दोन दिवसांनी तिला परत जायचं होतं आणि ऑरेंज चिकन खाल्ल्याशिवाय ती जाणार नव्हती. कडू का झालं याचा तिने तोवर पुरता तपास लावला होता. बिया वाटल्या, सालीचा पांढरा भाग घातला आणि आपल्याकडचं संत्रं फार उकळलं की कडवट होतंच. "बाबा सही बोल रहे थे. इसको पकाते नहीं," ती म्हणाली. हे ऐकून यांची मान जरा ताठ झाली, पण माझा चेहरा बघून यांनी ती लगेच खाली घेतली.

या वेळी बाल्कनीतल्या शेगडीवर तळणीची कढई होती. तिथे ती तुकडे तळायला बसली आणि मला म्हणाली, "सॉस तू अंदर बना ले."

म्हणून मी आत, माझ्या ओट्यावर, माझ्या कढईत, सॉस करायला घेतला. आलं-लसूण परतलं. सुक्या मिरच्या घातल्या. सोया सॉस, व्हिनेगर, साखर. कॉर्नफ्लॉवर पाण्यात कालवून घातलं. दाट झाल्यावर गॅस बंद करून हाताने पिळलेला रस आणि वरची केशरी साल अगदी हलक्या हाताने किसून घातली. चमकदार झालं. मग सवयीप्रमाणे मी पळी ठेवली आणि म्हटलं, "बाबांना बोलव गं चाखायला."

"क्यों?" मुलगी बाल्कनीतूनच म्हणाली. "उसमें चिकन है क्या?"

मी कढईत पाहिलं. चिकन बाहेर होतं. अंडं बाहेर होतं. कढईत जे होतं ते सगळं मला चालण्यासारखं होतं.

हे इतकं सोपं होतं आणि माझ्या डोक्यात आलं नव्हतं. चिकनचं म्हटलं की न चाखायचं, हे माझ्या हातात इतकं बसलं होतं. मी तळहातावर दोन थेंब घेतले आणि जीभ लावली. आंबट, गोड, मागून मिरची, आणि नाकापर्यंत संत्रं. कडू अजिबात नाही. मी पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदाही घेतलं. घरात चिकन होतंय आणि ते कसं लागणार हे सगळ्यांच्या आधी मला कळतंय, याचा मला इतका आनंद झाला की मी ओट्याशी उभी राहून एकटीच हसले. चौथ्यांदा घेतलं तेव्हा शांतपणे चव बघितली. मीठ कमी होतं, आणि गोड जरा जास्त.

मी मिठाकडे हात नेला आणि थांबले. माझ्यात दुष्टपणा भरपूर आहे. मीठ न घालता यांना हाक मारली.

हे वाटी घेऊन आले. फुंकर घातली, डोळे मिटले, घोट घेतला. "ए..." म्हणाले. डोळे उघडून माझ्याकडे बघायला लागले. मी पळीकडे बघत राहिले. माझी छाती धडधडत होती. लग्नाला एवढी वर्षं झालेल्या बाईची छाती मिठासाठी धडधडावी, हे मला तेव्हाही हास्यास्पद वाटलं.

"खरं सांगू?"

"इथे फाईल नाही."

"मीठ कमी हाये," हे हळूच म्हणाले. "अन् जराशी साखर जास्त झाली."

तंतोतंत! मला भरून आलं. आमच्या दोघांच्या जिभा पहिल्यांदाच एका जागी भेटल्या होत्या. आणि त्याच क्षणी दुप्पट राग आला, की एवढी चांगली जीभ घरात होती आणि हा माणूस तिला कुलूप घालून बसला होता!

"आणि माझा रस्सा? त्याचं काय?"

"राहू दे नं आता."

"सांगा."

यांनी वाटी खाली ठेवली. आधी चाचरत बोलले, मग गाडी घाटातून उतरावी तसे सुटले. खोबरं मी कमी भाजते. लवंग जास्त होते. धणे कच्चे राहतात. पाणी एकदम ओतते, ते गरम करून थोडं थोडं घालायला हवं. दगडफूल मी कधीच घातलेलं नाही. हिवाळ्यात मीठ कमी पडतं आणि उन्हाळ्यात जास्त, ते काहून तसं होते हे मात्र यांना अजून कळलेलं नाही. बोटं संपली तेव्हा यांनी दुसरा हात वापरायला घेतला. सगळी यादी यांच्याकडे तयार होती, एका रविवारचं काही विसरले नव्हते.

"झालं?" मी विचारलं.

"सध्या एवढंच." यांचा चेहरा कित्येक वर्षांत पाहिला नव्हता इतका मोकळा दिसत होता. त्या मोकळेपणाच्या भरात हे एक पाऊल पुढे गेले. "अन् माह्यात काही चुकत असंल, तर तूबी सांगून टाक. मनात ठेवू नको."

मुलीने तळलेल्या तुकड्यांची परात बाल्कनीच्या दाराशी आणून ठेवली, दोघांकडे पाहिलं, आणि चार तुकडे वाटीत घेऊन म्हणाली, "मैं बाहर बैठती हूँ."

मी सॉसमध्ये मीठ घातलं, व्हिनेगर थोडं वाढवलं, कढईवर झाकण ठेवलं. मग कोपऱ्यातलं स्टूल ओढून यांच्यापुढे ठेवलं.

"बसा," मी म्हटलं. "उभ्या उभ्या व्हायचं नाही हे."