बाबांच्या एका ‘म्हने’वरून

वैशालीनं माझी चुगली केली, हे मी ती गेली त्या दिवसापर्यंत धरून बसले होते.

आज तिला जाऊन वर्ष झालं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही दोघी अनसिंगच्या. त्यांचा भाजीचा मळा, आमच्याकडे सोयाबीन अन् हळद. वाशिमला बीएस्सी. तीन वर्षं एकच एसटी, एकच सीट. खिडकी तिची, कारण तिला बस लागायची.

फायनल इयरला सगळेच एकमेकांकडे चोरून बघायला लागतात. कोण बीएड करणार, कोणाचं लग्न जमतंय, कोण कुठला फॉर्म भरतंय. विचारलं की सगळ्यांचं एकच उत्तर, ‘अजून काही नाही गं.’

मीही तेच सांगायचे. खरं तर अमरावतीला एमएस्सीसाठी प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला होता. गुपचूप. घरी केनवडच्या स्थळाची बोलणी चालू होती.

माहीत होतं फक्त वैशालीला.

एका दुपारी जेवताना बाबा म्हणाले, "अमरावतीचा फॉर्म भरला म्हने तू."

भरला म्हने.

म्हणजे कोणीतरी सांगितलं.

बाबा चिडले नाहीत. "भरला तं देऊन ये परीक्षा, मंग पाहू," म्हणाले अन् ताक मागितलं. पण माझं लक्षच नव्हतं. माझ्या डोक्यात एकच नाव फिरत होतं.

मग मला सगळं दिसायला लागलं.

ती हल्ली कॉलेजच्या आधीच, क्रीडा संकुलाच्या स्टॉपवर उतरायची. "काम हाय," म्हणायची. पहिल्या लेक्चरला उशिरा यायची, तोंड धुतलेलं, केस ओले. माझी चाहूल लागली की मोबाईल पालथा.

वर मलाच विचारायची, "सेंटर कुठी आलं तुयं? कवा जातं?"

हिले कायले पाहिजे?

अन् एका बाजाराच्या दिवशी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. तिच्या आईच्या भाजीच्या दुकानापाशी बाबा उभे, अन् वैशाली त्यांच्याशी बोलतेय. मला बघून ती हसली. मी वळून घरी आले.

शेवटी बॉटनीच्या लॅबमध्ये विचारलं. जर्नलच्या सबमिशनचा दिवस होता, ती डायग्रामला लेबलं लावत होती.

"माया बाबाले तू सांगतलं?"

"काय?"

"तुले माहीत हाय काय ते."

तिनं पेन्सिल खाली ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं.

"नाई," म्हणाली. अन् पुन्हा लेबलं लावायला लागली.

इतक्या शांतपणे नाही म्हणाली, म्हणून मला अजूनच खात्री पटली.

त्यानंतर मी बसमध्ये सीट बदलली.

फेअरवेलला सगळ्या साड्या नेसून आल्या होत्या. फोटोच्या आधी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. "पदर सुटून राह्यला तुया," म्हणाली अन् स्वतःच्या खांद्याची पिन काढून मला लावली. मी थँक्यूसुद्धा म्हटलं नाही. फोटोत ती डाव्या टोकाला आहे, मी उजव्या. तिचा एक हात खांद्यावरचा पदर धरून आहे.

शेवटच्या पेपरला ती गेटजवळ थांबली होती. माझ्यासाठीच असणार.

मी मागच्या गेटनं निघून गेले.

रिझल्ट लागायच्या आधीच ती गेली. सकाळी रस्त्याच्या कडेनं पळत होती, मागून टेम्पोनं उडवलं. दवाखान्यात नेताना वाशिमपर्यंतही पोचली नाही.

पळत होती? वैशाली?

त्यांच्या अंगणात तिच्या आईनं सांगितलं. "पोलीस भरतीची तयारी करत व्हती ना माय. आधी वाशिमले पळे, कॉलेज संपल्यावर इथंच. तुले बी सांगतलं नाई. नाव लागल्यावर सांगतो म्हने."

म्हणजे तिलाही माझी खात्री नव्हती. मी तिला लपवाछपवी करणारी समजत होते, ती माझ्यापासूनच लपवत होती. एका सीटवर बसणाऱ्या आम्ही दोघी.

घरी येऊन बाबांना विचारलं. चार महिन्यांत पहिल्यांदा.

"माया फॉर्मचं तुमाले वैशालीनं सांगतलं व्हतं?"

"वैशालीनं? नाई. मोबाईलवर मेसेज आला ना. मले तं इंग्रजी वाचता येत नाई, रिचार्जच्या दुकानावरच्या पोरीले दाखवलं. तिनं सांगतलं अमरावतीचं."

फॉर्मवर ‘पालकाचा मोबाईल नंबर’ असा रकाना होता. बाबांचा नंबर मीच टाकला होता. माझ्याच हातानं.

"मंग त्या दिवशी बाजारात ती तुमाले काय सांगत व्हती?"



"वांगे घ्या म्हने काका, ताजे हायेत. अजून काय सांगन?"

मी मोरीत जाऊन नळ सोडला अन् रडले.

परीक्षा मी दिली होती. नंबर लागला. केनवडवाल्यांनी दुसरीकडे जमवलं. आता अमरावतीत आहे, हॉस्टेलला. बाजूच्या मुलीनं मोबाईल पालथा ठेवला की अजूनही माझं लक्ष जातंच. सवय वाईट आहे.

मार्कशीट आल्या तेव्हा वैशालीच्या वडलांनी अर्जावर सही करून दिली. तिचीही मीच आणायला गेले. क्लार्कनं विचारलं, "ही स्वतः काहून नाई आली?" मला सांगावं लागलं. त्यांनी गठ्ठ्यातून मार्कशीट काढून दिली.

तिच्या आईनं मार्कशीट हातात घेतली, पण उलटी. मी सरळ करून दिली.

"वाच बरं."

मी वाचलं. नाव, मग एकेक विषय. केमिस्ट्री. झूलॉजी. बॉटनीत तिला माझ्यापेक्षा जास्त मार्क आहेत.

"पुन्हा वाच."

पुन्हा वाचलं.

वैशाली, तू फर्स्ट क्लासमध्ये ग्रॅज्युएट झालीस. तुझ्या दारात बसून मोठ्यानं वाचलं मी ते, शेजारच्यांनीही ऐकलं.

माझं चुकलं. तुला मनापासून निरोप, बाई.