डाव्या खिडकीवरचा माणूस

माझी मुलगी दुसरीत वाचनात मागे पडली, तेव्हा मी तिला आळशी ठरवलं आणि रोज संध्याकाळी रागावत राहिलो. चूक माझी होती. ती मला कळली कामशेत-पवनानगर जीपमधल्या एका माणसामुळे.

त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. जीपमध्ये चढला की तो सगळ्यांना सरकवून डावी खिडकीच गाठायचा. एकदा एक म्हातारी कावली, "खिडकी काय तुज्या बापाची हाय?"

"न्हाई मावशी. डावा कान कामातनं गेलाय. उजवा तरी तुमच्याकडं नको का?"

जीपभर हशा पिकला. मी मात्र शेजाऱ्याला लेकीचं गाऱ्हाणं सांगत होतो. खिडकीवरच्या त्या माणसानं ते नेमकं ऐकलं.

"भाऊ, ल्हानपनी पोरीचा कान फुटायचा का?"

"बालवाडीत सारखा. मग आपोआप थांबला, म्हणून दाखवला नाही."

"माजाबी फुटायचा. मास्तर ढ म्हनायचे. त्यांचं निम्मं बोलनं माज्यापातूर पोचायचंच न्हाई, मंग पाटीवर काय लिवनार?"

एवढं सांगून तो खुशाल हसला. मला हसता आलं नाही.

लेकीला लोणावळ्याला नेलं, तिथं कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. तिच्या दोन्ही पडद्यांमागे पाणी साचलं होतं, वर्गातलं सगळं तिला दबकंच ऐकू यायचं. औषधं सुरू झाली, बाईंनी तिला पहिल्या बाकावर घेतलं.

माझं काम तेवढं उरलं होतं. एका संध्याकाळी मी तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "तू आळशी नव्हतीस. मीच उगाच रागावलो. माझं चुकलं, बाळा."